वहीतला चौथा आठवडा

बीड जिल्ह्यात पहाटे साडेचारला हायवेनं गाडी चालवायची म्हटलं की दोन गोष्टींसाठी डोळ्यांत तेल घालावं लागतं. एक, मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. दुसरी, रस्त्याच्या कडेनं अंधारात पळणारी पोलीस भरतीची पोरं-पोरी. या भागात फिजिओथेरपी करायला लागून मला बरीच वर्षं झाली. भरतीची कुणकुण लागली की महिन्याभरात नडगी धरून येणाऱ्यांची रांग लागते, हे पंचांगात लिहिल्यासारखं ठरलेलं आहे.

त्या रांगेतल्या एका मुलीचं प्रकरण सविस्तर लिहितोय. पहिल्या भेटीत मी चुकलो, हे त्याचं कारण. चूक अशी होती की ती माझ्या जागी बसलेल्या बऱ्याच जणांकडून रोज होत असणार. मुलीच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहितोय; नाव, गाव किंवा ओळख पटेल असं काही दिलेलं नाही.

वय २०, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४६ किलो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आईवडील ऊसतोड मजूर, दोघांचा मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दसऱ्यानंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेलेले. घरी आजी आणि धाकटा भाऊ. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती तालुक्याच्या गावी एका अकॅडमीत साठ दिवसांच्या बॅचला दाखल झाली, तिथंच मुक्काम.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींसाठी ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि ४ किलोच्या गोळ्याला १५. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत मारलं तर वीसपैकी वीस. मैदानीत निम्मे गुण घ्यावेच लागतात, आणि त्यातूनही एका जागेमागे वरचे दहाच लेखीला बोलावतात. म्हणून सगळा जीव ग्राउंडवर. हिचं ८०० गावच्या पांदीत, भावाच्या मोबाइलवर लावलेल्या वेळेनुसार, ३ मिनिटं १२ सेकंद होतं. बावीस सेकंद कमी करायची होती, दोन महिन्यांत.

पहिली भेट

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती आली. "सर, नडगी लई ठणकायली. पळताना सुरुवातीला दुखतंय, मंग गरम झाल्यावर कमी होतंय." उजवा पाय, नडगीच्या आतल्या बाजूचा खालचा भाग. बाहेर बाकावर सात-आठ जण बसलेले. मी हाडाच्या कडेवरून अंगठा फिरवला, ती कळवळली, आणि मी मनात शिक्का मारला: शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त पळून नडगीच्या कडेला येणारं दुखणं. बर्फ, टेपिंग, पोटरीचे ताण, पाच दिवस विश्रांती, झिजलेले बूट बदल. सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

तिच्या हातात एक शंभर पानी वही होती. ती सारखी पुढं करत होती. मला वाटलं तिला त्यात व्यायाम लिहून हवेत. मी शेवटच्या कोऱ्या पानावर तीन व्यायाम लिहून दिले आणि वही परत केली. आधीची पानं उलटली नाहीत.

बारा दिवसांनी ती पुन्हा आली ती लंगडतच. सोबत गावच्या आशाताई होत्या. पाच दिवसांची विश्रांती तिनं दोनच दिवस घेतली होती. "बॅच पुढं चाललीय, मी मागं पडायले." आता पळताना गरम झाल्यावरही दुखणं कमी होत नव्हतं. चालताना दुखत होतं. आदल्या दोन रात्री ठणक्यानं झोप मोडली होती.

या वेळी मी घाई केली नाही. शिन स्प्लिंटमध्ये नडगीच्या आतल्या कडेला लांबवर, चांगलं चार-पाच बोटं किंवा त्याहून जास्त पट्ट्यात दुखतं. हिला एका ठिकाणी, दोन बोटांच्या पेरांत मावेल एवढ्याच जागेवर, दाबलं की डोळ्यांत पाणी येत होतं. त्या पायावर एक उडी मारायला सांगितली. एकच मारली आणि तिनं टेबल धरलं. रात्रीचा ठणका, नेमक्या जागेची वेदना आणि एका पायावर उडी न मारता येणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणानं हाडाला जाणारी बारीक चीर, धरून चालायचं असतं. नाही असं सिद्ध होईपर्यंत.

एक्स-रे साफ आला. इथंच बरीच पोरं परत पळायला जातात: "फोटोत काही नाही." पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हाडाची ही दुखापत एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआय सांगितला. साडेपाच हजार रुपये. आजीनं कुठून तरी आणले, मी विचारलं नाही. अहवाल: उजव्या टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, आतल्या-मागच्या बाजूला, तिसऱ्या श्रेणीची हाडावरच्या ताणाची दुखापत. चौथ्या श्रेणीला रेघ दिसते, म्हणजे हाड खरोखर चिरलेलं. ती एक पायरी अलीकडे होती. जागा त्यातल्या त्यात बरी. टिबियाच्या पुढच्या बाजूला अशी दुखापत असती तर ती भरायला फार छळते.

वही

अहवाल हातात घेऊन बसलो तेव्हा वही मागितली. तिनं पहिल्या दिवसापासून सगळं लिहिलं होतं, इतकं नीट की माझ्या नोंदी लाजाव्यात. घरी असताना आठवड्याला चार दिवस तीन-तीन किलोमीटर, म्हणजे १२. अकॅडमीतला पहिला आठवडा ३०. दुसरा ३८. तिसरा ४२, वर शंभरच्या सहा-सहा फेऱ्या, बेडूकउड्या आणि पायऱ्या. चौथ्या आठवड्याच्या मंगळवारी, बारीक अक्षरात: "उजवा पाय दुखला. सांगितलं नाही."

हिशेब करून बघा. तिच्या सावकाश पळण्यात एक पाऊल साधारण एक मीटरचं. १२ किलोमीटर म्हणजे आठवड्याला एका पायावर सहा हजार पावलं. ४२ म्हणजे एकवीस हजार. तीन आठवड्यांत साडेतीनपट. तेही डांबरी रस्त्यावर, रोज त्याच कडेनं, जिथं रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता असतो आणि एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो.

हाड चौथ्या आठवड्यातच का बोललं, यालाही कारण आहे. हाड मेलेलं लाकूड नाही. त्यावर नवा भार आला की शरीर ते नव्यानं बांधायला काढतं. पण आपल्याकडं रस्ता दुरुस्त करतात तसं: आधी जुना उकरायचा, मग नवा भरायचा. हाडातलं उकरायचं काम सुमारे तीन आठवड्यांत होतं, भरायला तीन महिने लागतात. म्हणजे भार वाढवल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा कमकुवत असतं. नेमक्या त्याच वेळी पोरांचा दम वाढलेला असतो, पाय हलके वाटायला लागतात, आणि सर म्हणतात, "आता जोर लावा." उकरून ठेवलेल्या रस्त्यावरून भरलेली ट्रॉली न्यावी तसं होतं ते.

हे नवं ज्ञान नाही. १८५५ साली प्रशियाच्या लष्करातल्या ब्रायटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या नव्या सैनिकांच्या पायांची ही तक्रार नोंदवून ठेवली. एक्स-रेचा शोध तेव्हा चाळीस वर्षं दूर होता. नव्यानं भरती झालेले जवान आणि त्यांतही मुली या दुखापतीला जास्त बळी पडतात, हे जगभरच्या सैन्यांनी अनुभवलंय. आपल्या अकॅडम्या सैन्याचा कित्ता गिरवतात. सैन्य या दुखापतीतून जे शिकलं ते मात्र त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

अकॅडमीच्या भिंतीवर अविनाश साबळेंचा फोटो आहे. असायलाच हवा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८:११.२० वेळेत रौप्य घेतो, पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण घेतो, आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना याहून मोठं काय सांगणार? पण त्यांची गोष्ट सांगताना सगळे मेहनतीवर भर देतात आणि वर्षं गाळतात. लहानपणी शाळेची वाट पायी तुडवली, बारावीनंतर सैन्यात गेले, स्टीपलचेस त्यानंतर. त्या पायांना तयार व्हायला दशक मिळालं होतं. हिला तीन आठवडे.

जो प्रश्न मी विचारला नव्हता

वहीत काही तारखांना "गु" लिहिलं होतं, काहींना "सो". मी विचारलं. गुरुवार आणि सोमवार, उपवास. मार्गशीर्ष सुरू होता. महालक्ष्मीचे गुरुवार आणि भरतीसाठी बोललेले सोमवार. आणि अकॅडमीत लांब पल्ल्याचं पळणं गुरुवारी. म्हणजे आठवड्यातला सर्वांत मोठा भार ती निरंकार अंगावर घेत होती.

मग मी गप्प झालो, कारण पुढचा प्रश्न मला विचारायचा होता आणि माझी जीभ रेटेना. आशाताईंनी माझ्याकडं पाहिलं आणि तिला आत घेऊन गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाल्या, "सर, ऑगस्टपासून पाळी नाही." चार महिने. मुलगी म्हणाली, "चांगलंच झालं की, पळायला अडचण नाही." अकॅडमीतल्या आणखी दोघींचं तसंच होतं म्हणे, म्हणून तिला ते नेहमीचं वाटलं.

पळणाऱ्या मुलीची पाळी बंद होणं नेहमीचं धरू नका, हे मी जमेल तिथं सांगतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडं पाठवलं, बाकीची कारणं तपासून झाली. हिमोग्लोबिन ९.६, बाईचं १२ च्या वर असायला हवं. ड जीवनसत्त्व ११, तर २० च्या खाली कमतरता धरतात. मराठवाड्यात, जिथं ऊन पाठ सोडत नाही! पण ही मुलगी पहाटे अंधारात पळते, दिवसभर वर्गात असते आणि बाहेर पडताना स्कार्फनं तोंड-हात झाकते.

आजीला बोलावलं आणि दिवसभराचं खाणं भाकरीच्या हिशेबानं लिहून काढलं. अकॅडमीच्या मेसमध्ये सकाळी चहा-बिस्किट, अकराला दीड भाकर नि भाजी, संध्याकाळी एक भाकर, वरण, थोडा भात. जून महिन्यापासून तिनं खाणं मुद्दाम कमी केलेलं. "अंग हलकं तर पळणं जोरात" असं कुणीतरी रीलमध्ये सांगितलेलं आणि अकॅडमीतही तेच चालायचं. उपवास नसलेल्या दिवशी सगळं मिळून १२५० कॅलरीच्या आसपास. त्यातले ५०० पळण्यात आणि व्यायामात जायचे. उरले ७५०. चरबी वगळून तिचं वजन ३७ किलो धरलं, तर किलोमागे २० कॅलरी. ४५ च्या आसपास उरल्या की शरीराची सगळी कामं नीट चालतात. ३० च्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं. ही रेघ प्रत्येकीला काटेकोर लागू होत नाही, पण २० म्हणजे कुणालाही कमीच. अशा वेळी शरीर आधी ते खर्च बंद करतं ज्यांच्याशिवाय आजचा दिवस निघतो. पाळी बंद होते. त्याबरोबर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं, आणि हाडाचं उकरणं आवरून धरायचं काम तेच करत असतं. म्हणजे उकरणं वाढलं, भरायला माल नाही, आणि वरून साडेतीनपट भार.

खाण्यापेक्षा खर्च जास्त झाल्यानं येणाऱ्या या अवस्थेला वैद्यकशास्त्रात रेड-एस म्हणतात; आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ पासून हे नाव रूढ केलं. मुलांनाही होतं, पण मुलींमध्ये पाळीच्या रूपानं शरीर ओरडून सांगतं, कुणी विचारलं तर. मी विचारलं नव्हतं. पहिल्या भेटीत दोन मिनिटं जास्त दिली असती, किंवा आशाताईंसारख्या कुणाला सोबत घेतलं असतं, तर ते बारा दिवस वाचले असते. त्या बारा दिवसांतच दुखापत पहिल्या-दुसऱ्या श्रेणीतून तिसरीत गेली असावी, असं मला मनापासून वाटतं. आता माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या कागदावर पाळीचा रकाना छापलेला आहे, आणि तो प्रश्न आमच्याकडच्या सहायक ताई विचारतात.

ग्राउंड तोंडावर

एमआरआय झाला तेव्हा ग्राउंडला साडेपाच आठवडे उरले होते. हॉल तिकीट आलेलं. मुलीनं हिशेब मांडून आणला: "सर, ८०० सोडून देते. गोळ्यात १४ पडतेत, शंभरात १२. सव्वीस झाले की. पंचवीसला पास."

हिशेब बरोबर होता. पण २६ गुणांवर लेखीच्या यादीत नाव लागण्याची आशा नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. आणि १०० मीटर कमी अंतराचं म्हणून पायाला हलकं, हा समज चुकीचा आहे. पूर्ण जोरानं पळताना एकेका पावलाचा भार सावकाश पळण्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि हाडाला पावलांच्या संख्येपेक्षा एकेका आघाताचा जोर जास्त मोडतो.

वडिलांचा फोन आला, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "डॉक्टर, एकदा पळू द्या तिला. मंग काय करायचं ते करा. पुढल्या साली सोयरीक बघू म्हणतेत घरचे." यात राग येण्यासारखं काही नव्हतं. भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गालाही २८ आहे, हिच्याकडं कागदावर आठ वर्षं होती. पण गावात मुलीचं घड्याळ भरतीच्या जाहिरातीवर चालत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की हाड पूर्ण मोडलं तर आत सळई घालावी लागेल, वर्ष जाईल आणि पाय आधीसारखा होईल याची हमी राहणार नाही. आता थांबली तर चार-पाच महिन्यांत पळेल. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजीला द्या फोन."

आजीनं निर्णय घेतला. मुलगी माझ्यासमोर रडली नाही. नंतर रडली असं आशाताई म्हणाल्या. हॉल तिकीट तिनं वहीत चिकटवलं.

पोटरीपासून सुरुवात

"आराम कर" एवढंच सांगून पाठवलं की ही पोरं एक तर चोरून पळतात, नाही तर खाटेवर पडून उरलंसुरलं बळ घालवतात. पहिले तीन आठवडे कुबडी दिली, पण दुसऱ्या दिवसापासून बाकी अंगाचा व्यायाम सुरू केला. बसून गोळाफेक, दंड, पाठ, पोट, डाव्या पायाचं सगळं. दम टिकवायला स्टँडवर लावलेली सायकल. आणि कुबडी सुटल्यावर विहीर.

विहिरीबद्दल थोडं जास्त लिहितो. शहरात खोल पाण्यात पळण्याचा व्यायाम तरणतलावात करून घेतात: तळाला पाय टेकत नाहीत, कमरेला तरंगता पट्टा असतो आणि पळण्याच्याच हालचाली करायच्या. हाडाला आघात नाही, दम पूर्ण लागतो. आमच्याकडं तरणतलाव कुठला? तिच्या मामाच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर होती आणि तिला पोहता येत होतं. दुपारच्या उन्हात, छातीला ट्यूब, त्याला दोर, दोराचं दुसरं टोक काठावर मामीच्या हातात. मामी नसेल त्या दिवशी विहीर नाही, ही अट मी तिघांकडून कबूल करून घेतली. अर्धा मिनिट जोरात, अर्धा मिनिट सावकाश, असे वीस. ८०० मीटरचा दम तिनं त्या विहिरीत राखला.

खाण्याचं पथ्य आजीच्या हाती. पन्नास ग्रॅम शेंगदाणे आणि थोडा गूळ कुटून दोन लाडू: सुमारे साडेतीनशे कॅलरी. दोन अंडी: दीडशे. अर्धा लिटर दूध: साडेतीनशे आणि सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. म्हणजे १२५० चे २१०० झाले, दिवसाला पन्नासेक रुपये जास्त. साडेतीन महिने रोज हे खाल्लं असतं तेव्हा कुठं एका एमआरआयचे पैसे झाले असते. उपवास सोड असं मी म्हणालो नाही. आजीच म्हणाली, "देवीला पळणारं लेकरू पायजेल, उपाशी नको." सोमवार सुटले, गुरुवारी दूध-लाडू-रताळं आणि व्यायामाला सुट्टी. लोह आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी दिलं तसं.

आता ताकदीकडं येतो, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज तिथं आहेत. पळताना पोटरीतला आतला चपटा स्नायू, सोलियस, शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जोर लावतो. हाच स्नायू नडगीच्या हाडाला मागून आवळून धरतो, वाकू देत नाही. तो थकला की तेवढा भार हाडावर. हिला डाव्या, म्हणजे चांगल्या पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली: चौदा वेळा, मग संपली. पाचव्या आठवड्यात उजव्या पायानं प्रथम करून पाहिलं: सहा. पळणाऱ्या माणसाला किमान पंचवीस जमायला हवेत असं मी धरतो. म्हणजे आठवड्याला ४२ किलोमीटर पळणाऱ्या मुलीची पोटरी निम्म्या ताकदीची होती, आणि अकॅडमीच्या वेळापत्रकात तिच्यासाठी एक मिनिट नव्हतं.

घराच्या उंबऱ्यावर चवडा ठेवून टाच उचलणं, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. वाकवून केलं की सोलियसवर काम येतं. आधी दोन पायांनी, मग एका, मग खांद्यावर ओझं घेऊन. ओझं म्हणजे युरियाच्या रिकाम्या गोणीत भरलेली वाळू, आत प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे सांडत नाही. गोणी वजनकाट्यावर तोलून तिच्यावर खडूनं आकडा लिहायचा. दहा किलोपासून सुरुवात, चौथ्या महिन्यात तीस. याशिवाय बैठका, एक पाय मागं बाजेवर ठेवून एकपायी बैठक, आणि जमिनीवरून ओझं उचलणं. पुढं गावच्या तालमीत बार मिळाला. आठवड्यात तीन दिवस, सहा ते आठ वेळा, चार फेऱ्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बसायचं.

या बसण्यावरूनच तिचं नि माझं सर्वांत जास्त भांडण झालं. "सर, दम तर लागतच नाही. याला व्यायाम म्हणतेत का?" घाम आणि धाप हेच व्यायामाचं माप, असं या पोरांच्या डोक्यात बसलंय. दोनशे बैठका मारणं वेगळं आणि पन्नास किलो घेऊन सहा मारणं वेगळं. पहिल्यानं दम वाढतो, दुसऱ्यानं ताकद. वजन उचललं की मुली जड होतात आणि मंदावतात, हेही तिनं ऐकलेलं. चार महिन्यांत तिचं वजन ४६ चं ४९ झालं. ती मंदावली की नाही ते पुढं येईलच.

नवव्या आठवड्यात, अर्धा तास चालून दुखत नाही, जागा दाबून दुखत नाही आणि एका पायावर दहा उड्या निवांत मारता येतात, हे तिन्ही जमल्यावर उड्या सुरू केल्या. थोड्याच: सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस. हाडाच्या पेशी थोड्याच आघातांपर्यंत लक्ष देतात, मग बहिऱ्या होतात. काही तास गेले की पुन्हा ऐकायला लागतात. म्हणून सलग चारशे उड्यांपेक्षा दोन वेळच्या चाळीस-चाळीस हाडाला जास्त पोचतात. मग पळणं: एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, आठ वेळा, दिवसाआड. शेतातल्या मऊ वाटेवर.

बाराव्या आठवड्यात ती घसरली. गावची जत्रा होती, अकॅडमीतल्या मैत्रिणी आलेल्या, आणि त्यांच्याबरोबर पहाटे पाच किलोमीटर पळाली. त्यांतल्या एकीचं ग्राउंड निघालं होतं. दुसऱ्या दिवशी जुनी जागा पुन्हा दुखू लागली. वहीत खरं लिहून तिनं वही माझ्यापुढं ठेवली. दोन आठवडे मागं गेलो. मी रागावलो नाही, कारण खोट माझ्या आराखड्यात होती: त्यात तिला "हे करू नको" बरंच होतं, आणि आज काय जिंकलं ते सांगणारं काही नव्हतं. तेव्हापासून दर शुक्रवारी एक मोजमाप ठेवलं: टाचेचे उचल, बैठकीचं वजन, गोळ्याचं अंतर, यांपैकी एक. गोळा त्या काळात पाऊण मीटरनं वाढला.

पाळी पंधराव्या आठवड्यात आली. आशाताईंचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होतो. एमआरआयपेक्षा मला त्या फोननं जास्त धीर दिला. अठराव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.८.

अकॅडमीत

अकॅडमी चालवणारे सर माजी सैनिक. मी भेटायला गेलो तेव्हा ते माझ्यावर उखडतील असं वाटलं होतं. त्यांनी वहीची झेरॉक्स दोनदा वाचली. "चौथ्या आठवड्यात दरवर्षी सात-आठ पोरं बसतात. मी समजायचो, कच्ची आहेत." साठ जण, एक शिक्षक, दोन महिन्यांची फी आणि जाहिरातीची घाई, त्यांच्या जागी बसून पाहिलं तर सगळ्यांना एकत्र पळवणं सोपं का वाटतं ते कळतं. त्यांनी तीन गोष्टी मान्य केल्या. दाखल होताना आधीचं आठवड्याचं अंतर विचारून तीन गट. चौथ्या आठवड्यात सगळ्यांचं पळणं निम्मं. आणि पळणं डांबरीवरून उचलून गायरानाच्या मुरमाड वाटेवर. पोटरीचे व्यायाम त्यांनी रोज संध्याकाळच्या हजेरीलाच घेतले: नाव पुकारेपर्यंत टाचा वर. ही युक्ती त्यांची. मेसमध्ये अंडी मात्र अजून सुरू झालेली नाहीत. फी वाढवावी लागेल म्हणतात, आणि ते खरंही आहे.

मुलगी आता एकवीस पूर्ण. बावीसाव्या आठवड्यात मातीवर ८०० मीटर ३ मिनिटं १ सेकंद. दहाव्या महिन्यात २ मिनिटं ५२. आठवड्याला २८ किलोमीटर पळते, दोन दिवस वजन उचलते, ४२ वर पुन्हा जायची गरज पडलेली नाही. उजव्या पायावर टाचेचे उचल बावीस, डाव्यावर सव्वीस. उजव्या पोटरीचा घेर अजून पाऊण सेंटिमीटरनं कमी भरतो. सोयरिकीचा विषय आजीनं या दिवाळीपर्यंत थोपवून धरलाय. आईवडील यंदाही जाणार आहेत. मुकादमाकडून उचल घेऊन झालीय.

परवा ती नवीन वही घेऊन आली. पहिल्या पानावर रकाने आखलेले: अंतर, झोप, खाणं, पाळी, दुखणं. शेवटचा रकाना कोरा होता. काय लिहायचं म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिथं तुमची सही, सर. वाचली म्हणून."